अमाझिग माग रंगमंचावर: पैसा तालमीवर खर्च व्हावा

उत्तर आफ्रिकेतल्या अमाझिग बायकांचे विणकाम आता रंगमंचावर आले आहे. कुठे नर्तकी लोकरीच्या दोऱ्यांत गुरफटत जाते. कुठे पडद्यावर गालिच्यातल्या चौकटी सरकतात आणि खाली नाचणाऱ्यांची पावले त्याच चौकटींवर पडतात. कुठे एखाद्या वयस्क विणकर बाईला दहा मिनिटे मागावर बसवतात आणि उरलेला वेळ बाकीचे कलाकार तिच्याभोवती फिरत राहतात. माहितीपत्रकात मात्र बहुतेक वेळा एकच दावा असतो: लोपत चाललेली परंपरा पुढच्या पिढीच्या हाती दिली जात आहे. हा दावा तपासून घेतला पाहिजे. हाती दिले ते नेमके काय, कोणाच्या हाती, आणि प्रयोग संपल्यावर कोणाला असे काय करता येऊ लागले, जे आधी येत नव्हते?

परफॉर्मन्स आर्टमधून विणकाम पुढच्या पिढीकडे जाऊ शकते. पण ते जाते तालमीच्या आठवड्यांत. प्रेक्षकांसमोरच्या तासाभरात त्यातले फार थोडे घडते. शिवाय तालमीत खरा माग उभा राहिला, खरा ताणा (मागावरचे उभे धागे) मांडला गेला आणि निघालेले कापड अंगावर घेता आले किंवा जमिनीवर अंथरता आले, तरच त्या तालमीला अर्थ. अंदाजपत्रक सहसा उलटे मांडलेले असते. प्रवास, प्रकाशयोजना, चित्रीकरण यांना आधी जागा मिळते आणि विणकर बाईच्या नावापुढे 'सल्लागार' लिहून दोन-तीन दिवसांचे मानधन टाकले जाते. हे उलटे झाल्याशिवाय हस्तांतराचा दावा कोणी करू नये.

ज्यांना हा प्रदेश परका आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: अमाझिग हे उत्तर आफ्रिकेतले मूळ रहिवासी, बाहेरच्यांनी त्यांना बर्बर म्हटले. मोरोक्कोने २०११च्या राज्यघटनेत तामाझिग्त भाषेला अधिकृत दर्जा दिला, अल्जीरियाने २०१६ मध्ये. त्याआधी २००१ मध्ये मोरोक्कोत अमाझिग संस्कृतीसाठी शाही संस्था स्थापन झाली आणि २००३ मध्ये शाळांसाठी तिफिनाग लिपी ठरली. भाषेला अशा रीतीने फळा आणि पुस्तक मिळाले. विणकामाची शाळा मात्र घरातच राहिली. मुलगी आईच्या शेजारी मागावर बसायची, मधला साधा भाग भरायची, काठ आई सांभाळायची. तिला काठ सांभाळू देणे म्हणजे ती शिकली अशी पावती. मोरोक्कोतला ताझ्नाख्त आणि सिरवा डोंगराचा परिसर, मध्य अॅटलास पर्वतातल्या झेम्मूर आणि बेनी ऊराइन या टोळ्यांचा मुलूख, आग्नेयेकडचा वाळवंटी काठ, सगळीकडे थोड्याफार फरकाने हीच पद्धत. मुली दिवसभर शाळेत जाऊ लागल्या तशी ही शेजारची जागा रिकामी होत गेली. ते वाईट झाले असे कोणी म्हणू नये, पण त्या रिकाम्या जागेत काय बसवायचे हा प्रश्न तिथूनच निघतो.

आता मागाकडे वळू. रंगमंचावर तो नुसता 'शोभेला' का राहतो, हे त्याची रचना पाहिल्यावरच कळते.

अझेट्टा हा उभा माग. दोन खांब, त्यांना जोडणाऱ्या दोन आडव्या तुळया. ताणा वरच्या तुळईवर गुंडाळलेला असतो, विणून झालेले कापड खालच्या तुळईवर गुंडाळले जाते. आपल्या हातमागावरचा धोटा इथे नाही, पायाने दाबायची पावडी नाही, फणीही नाही. बाणा म्हणजे आडवा धागा बोटांनी ओवायचा आणि जड लोखंडी पंजाने ठोकून बसवायचा. ताण्याच्या दोन थरांमधून बोरूचा एक दांडा जातो, त्याला अघानिम म्हणतात. मागच्या थरातला प्रत्येक धागा दोऱ्याच्या एकेका फाशात अडकवून ते सगळे फासे एका काठीला बांधतात, ती इल्नी. आता यातली गंमत अशी, की इल्नी जागची हलत नाही. ती मागे भिंतीला ताणून बांधलेली असते. वर-खाली सरकतो तो अघानिम. त्याच्या जागेवर ठरते, की पुढचा थर पुढे राहणार की मागचा पुढे येणार. म्हणजे या मागाला भिंत लागते. उघड्या रंगमंचावर मधोमध ठेवलेला माग चालवायचा तर मागे भिंतीचे काम करणारी दुसरी भक्कम चौकट हवी. ती नसली की इल्नी ढिली पडते, धाग्यांची वाट नीट उघडत नाही, आणि विणकर बाई प्रेक्षकांसमोर एकेक धागा बोटाने उचलत बसते. लोकांना ते नाजूक, ध्यानमग्न वगैरे वाटते. खरे तर माग बिघडलेला असतो.

मागाच्या आधी लोकर. कातरलेली लोकर धुतल्यावर तेल, माती आणि काड्याकुड्या जाऊन तिचे वजन तिसऱ्या हिश्शाने, कधी निम्म्यानेही उतरते. मग लांब तंतू विंचरून वेगळे काढतात, ते ताण्यासाठी. उरलेले आखूड तंतू पिंजून बाण्यासाठी. ताण्याचे सूत घट्ट पिळाचे, बाण्याचे सैल आणि फुगीर. उलट केले तर काय होते ते तिसऱ्या-चौथ्या दिवशी दिसते. सैल पिळाचा ताणा पंजाच्या दातांनी आणि इल्नीच्या फाशांनी घासून केसाळ होतो, शेजारचे धागे एकमेकांना चिकटतात आणि शेवटी एक धागा तुटतो. बाजारात आता गिरणीचे सुती ताण्याचे सूत तयार मिळते आणि विक्रीसाठी विणणाऱ्या कित्येक ठिकाणी तेच वापरतात. स्वस्त आहे, सारखे आहे, तुटत नाही. त्यामुळे लोकर विंचरून ताण्याचे सूत कातणारे हात सगळ्यांत आधी कमी होत आहेत.

आणि मग ताणा मांडणे. सगळ्या कामात तालमीसाठी आणि प्रयोगासाठी सर्वांत योग्य टप्पा हाच आहे, आणि नेमका तोच सहसा वगळला जातो, कारण तो आदल्या दिवशी 'तयारी' म्हणून उरकलेला असतो.

अंगणात दोन खुंट्या ठोकतात. दोन बायका एकेका खुंटीपाशी बसतात, तिसरी सुताचा गुंडा घेऊन दोघींमध्ये येरझारा घालते. आठच्या आकड्यात सूत फिरवले की धाग्यांचे दोन थर आपोआप वेगळे पडतात. कुठे त्यासाठी मध्ये तिसरी खुंटीही असते. धागा खुंटीला वळसा घालतो तेव्हा बसलेली बाई दोन पदरांच्या दोरीने त्याला आवळते. पुढे हीच दोरी कापडाचा टोकाचा काठ होते, आणि दोन धाग्यांमधले अंतरही तिनेच कायमचे ठरते.

हिशेब करून पाहा. एक मीटर रुंद, दोन मीटर लांब असे साधे सपाट विणीचे कापड. सेंटीमीटरला ४ धागे धरले तर ४०० धागे. बांधणीसाठी आणि विणता न येणाऱ्या टोकासाठी अर्धा मीटर जास्त धरला तर प्रत्येक धागा अडीच मीटरचा. म्हणजे १,००० मीटर सूत, आणि गुंडा घेऊन फिरणारी बाई एक किलोमीटर चालते. वळणे ४००. एका वळणाला, आवळण्यासकट, १० सेकंद धरले तरी तासाहून थोडे जास्तच. आयता एका प्रयोगाएवढा वेळ! शिवाय यात सुरुवात आहे, शेवट आहे, लय आहे, आणि चुकले तर सगळे वाया जाईल अशी धास्तीही आहे. कोणत्याही नाटककाराला आणखी काय हवे असते?

चुका कुठे होतात? चालणारी दमली की तिचा हात सैल पडतो आणि शेवटचे पन्नास धागे पहिल्या पन्नासांपेक्षा ढिले येतात. बसलेलीने एखादे वळण आवळायचे सोडले तर तिथे दोन धागे एकत्र येतात आणि कापडात शेवटपर्यंत एक दाट रेघ राहते. सर्वांत मोठी चूक खुंट्यांची. एका धाग्यावर १०० ते १५० ग्रॅम ताण धरला तरी ४०० धाग्यांची ओढ ४० ते ६० किलो भरते. खुंटी या ओढीने केसभर जरी आत झुकली तरी आधी गुंडाळलेले धागे सैल होतात आणि नंतरचे तंग राहतात. मागावर चढवल्यावर सैल भागात कापडाला पोट येते, पंजा तिथे नीट बसत नाही, आणि विणीची रेघ एका बाजूला उतरत जाते. अंगणातल्या मातीत खुंटी हातभर आत जाते. रंगमंचाच्या लाकडी फळीवर ती ठोकता येत नाही. लोखंडी पाय वापरावा लागतो आणि तो घसरू नये म्हणून प्रत्येक पायावर किमान सव्वाशे किलो वजन हवे. त्याहून सोपा उपाय म्हणजे प्रयोगच अंगणात नेणे. मोरोक्कोला उघड्यावर गोल करून पाहण्याची सवय आहेच. माराकेशच्या जामा एल-फना चौकात हलका म्हणजे कथाकार-वादकांभोवती जमणारे प्रेक्षकांचे कडे पिढ्यान्‌पिढ्या पडत आले आहे, आणि युनेस्कोने २००१ मध्ये त्या चौकाच्या या परंपरेचाच गौरव केला. उच्च अॅटलासमधला अहवाश, मध्य अॅटलासमधला अहिदूस हे समूहनृत्याचे प्रकारही कडे करून किंवा रांगा धरूनच होतात. रंगमंच युरोपातून आणायची गरज इथे कधीच नव्हती.

ताणा मांडायला एकटी बाई पुरत नाही, हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. विणायला ती एकटी बसू शकते, मोबाइलवर आलेला नक्षीचा फोटो पाहून नवी नक्षीही उचलू शकते. ताण्याला मात्र तिघी लागतात, तुळईवर गुंडाळून माग उभा करायला आणखी एक-दोन हात लागतात. शेजारपाजार विस्कटला, मुली शिकायला बाहेर गेल्या, सासवा थकल्या की विणकामातला हा सामूहिक भाग आधी बंद पडतो आणि तयार ताणा चढवलेला लोखंडी माग घरात येतो. समूहाने करायची गोष्ट जिवंत ठेवणे हे ज्या कलेचे बलस्थान आहे, त्या कलेने नेमका हाच भाग उचलावा, इतके साधे हे म्हणणे आहे.

आतापर्यंत उचलले गेले ते वेगळेच. फ्रेंच संरक्षित राज्याच्या काळात फ्रेंच अधिकारी प्रॉस्पेर रिकार यांनी मोरोक्कन गालिच्यांच्या नक्षींचा चार खंडांचा संग्रह सिद्ध केला. पहिला खंड १९२३चा, शेवटचा १९३४चा. १९१९ पासून मान्य नमुन्याबरहुकूम विणलेल्या गालिच्यांवर सरकारी शिक्का मारण्याची व्यवस्था होती. हेतू नक्कल आणि भेसळ रोखण्याचा. परिणाम असा, की जे छापले गेले ते अस्सल ठरले, आणि ज्या बाईने आईची नक्षी मोडून नवे काही केले ती नमुन्याबाहेर गेली. शहरांतल्या मुलींच्या कार्यशाळांत चौकटीच्या कागदावरून विणणे शिकवले जाई. कागदावर नक्षी राहते. धाग्याच्या ताणाचा अंदाज कागदावर उतरत नाही.

स्वातंत्र्यानंतर कासाब्लांकाच्या कलाशाळेने वेगळ्या भूमिकेतून तेच केले. १९६२ मध्ये चित्रकार फरीद बेल्काहिया तिथे संचालक झाले. मोहम्मद मेलेही, मोहम्मद शबा, तोनी मारायनी, बर्ट फ्लिंट ही मंडळी त्यांच्याभोवती जमली. ग्रामीण कलेकडे, गालिचे, दागिने, रंगवलेली छते यांच्याकडे त्यांनी विद्यार्थ्यांना आदराने पाहायला लावले, आणि १९६९ मध्ये तर आपली चित्रे थेट जामा एल-फनात टांगली. आधुनिक मोरोक्कन चित्रकलेचा तो सुवर्णकाळ होता यात वाद नाही. पण गालिच्यातला समभुज चौकोन कॅनव्हासवर गेला तेव्हा चित्राखाली चित्रकाराचे नाव आले आणि विणकर अनामच राहिली. आजचा परफॉर्मन्स कलाकार त्याच वाटेने जातो आहे का, हे त्याला विचारायला हवे. कॅनव्हासऐवजी शरीर आले, एवढाच फरक पुरेसा नाही.

नक्षीच्या मोहात आणखी एक सापळा आहे. पर्यटकांच्या दुकानांत प्रत्येक गालिच्याची गोष्ट तयार असते: हा चौकोन म्हणजे स्त्रीत्व, ही नागमोड म्हणजे नदी, अख्खा गालिचा म्हणजे बाईने लिहिलेले गुप्त पत्र. रंगमंचाला ही गोष्ट फारच आवडते, कारण ती उच्चारायला सोपी आहे आणि तिच्यावर नाचता येते. मागावर बसलेल्या बायका पुष्कळदा नक्षीला कंगवा, कात्री, विळा अशी घरगुती नावे देतात आणि दोन नक्षींमधले अंतर कसे बरोबर आले यावर जास्त बोलतात. गालिच्यात अर्थ नसतो असे नाही. वाईट नजरेपासून राखण करणाऱ्या खुणा आहेत, लग्नाच्या शालीला आपले स्थान आहे. सिरवा परिसरातला अख्नीफ हा पुरुषांचा झगा पाहा, पाठीवर मोठा तांबडा-नारिंगी डोळ्यासारखा आकार असलेला. तो कापून शिवत नाहीत. मागावरच गोलाईत विणून काढतात. या झग्याबद्दल 'डोळा काय सांगतो' यावर पानेच्या पाने बोलता येतील; सरळ ताण्यावर गोलाई कशी आणतात हे हाताने दाखवू शकणारी बाई मिळणे अवघड. कोणत्या प्रश्नाच्या मागे पैसा लागतो, त्यावरून कशाची परंपरा उरेल ते ठरते.

रंगमंचावरच्या कामांतही सगळे एका माळेचे मणी नाहीत. माराकेशमध्ये जन्मलेले आणि ब्रसेल्समध्ये काम करणारे नृत्यदिग्दर्शक रदवान म्रिझिगा यांनी २०१४ च्या '५५' या एकल प्रयोगात स्वतःचे शरीर मोजपट्टीसारखे वापरून जमिनीवर भौमितिक आकृती आखली होती. पुढे 'अयूर', 'ताफुक्त' आणि 'अकाल' या प्रयोगांत ते तनित, अथेना आणि नेथ या देवतांमार्फत अमाझिग ज्ञानपरंपरेकडे वळले. यातल्या अथेना आणि नेथ या दोघींचा विणकामाशी जुना संबंध. ही कामे विणकाम शिकवत नाहीत, आणि तसा आवही आणत नाहीत. ब्रसेल्स, पॅरिस, अॅमस्टरडॅममध्ये वाढलेल्या अमाझिग मुलामुलींच्या घरात माग नसतो. हातभर मापून आकृती उभी करण्यात बुद्धी आहे, हे त्यांना अशा प्रयोगातून प्रथम जाणवू शकते. ओढ निर्माण करणे हेही काम आहे. त्याला हस्तांतर मात्र म्हणू नये.

दुसरे उदाहरण नृत्यदिग्दर्शक बुश्रा वीझगेन यांचे. त्या वारझाझातच्या, म्हणजे ताझ्नाख्त ज्या प्रांतात आहे तिथल्याच. २००९ मधल्या 'मादाम प्लाझा'त त्यांनी ऐता ही मोरोक्कन लोकगीते गाणाऱ्या कॅबरेतल्या मध्यमवयीन गायिकांना आपल्याबरोबर रंगमंचावर आणले, आणि २०१४ मध्ये माराकेशला सादर झालेल्या 'कोर्बो'मध्ये काळे कपडे, डोक्याला पांढरे रुमाल अशा बायकांचा समूह उघड्यावर उभा केला. विषय विणकाम नाही, भाषाही अरबी. पण पद्धत घेण्यासारखी आहे: ज्यांच्या अंगात कला आहे त्याच कलाकार, त्यांच्या भूमिकेत दुसरी कोणी नाही, आणि एकाच समूहाबरोबर वर्षानुवर्षे काम.

मात्र ही पद्धत विणकरांना जशीच्या तशी लावता येत नाही. ऐता गायिकांना लोकांसमोर उभे राहण्याची सवय होती आणि त्यापायी येणारी बदनामीही त्यांनी पचवली होती. विणकाम घराच्या आत चालते. अनोळखी पुरुषांनी आपल्याला बघावे, फोटो काढावेत, हे गावातल्या बाईला नको असू शकते, आणि 'तुझी कला जगाला दिसेल' हे त्यावरचे उत्तर नाही. म्हणून पहिला प्रयोग गावच्या अंगणात, गावच्या बायका-मुलींसमोर; चेहरा, नाव, चित्रीकरण यांबाबत प्रत्येकीचा निर्णय वेगळा; आणि ज्यांना बाहेर यायचे नाही त्यांनाही तालमीचे पूर्ण मानधन. हे शेवटचे कलम आयोजकांना खटकते. पण शिकवणाऱ्या बायकांतली सर्वांत जाणती बहुधा तीच असते, जी बाहेर येणार नाही.

तालीम कशी असावी? तीन जाणत्या बायका, सहा शिकणाऱ्या, तीन महिने, आठवड्याचे तीन अर्धे दिवस. मुलींची शाळा बुडता कामा नये, नाहीतर आपणच नवा अन्याय उभा करू. पहिला महिना लोकर आणि टकळी. अर्ध्या तासात कंटाळा येतो, तिथेच गाणी उपयोगी पडतात. ती नंतर ध्वनिमुद्रित करून नेपथ्याला लावण्यापेक्षा इथेच, हात चालू असताना शिकलेली बरी. दुसऱ्या महिन्यात ताणा, आणि तो एकदा नव्हे, निदान पाच वेळा. आधी ५० धाग्यांचा, मग १००, मग २००, आणि प्रत्येक वेळी तिघींच्या जागा बदलून. पहिल्या दोन ताण्यांवर हात फिरवला की डोळे मिटूनही सैल पट्टे लागतात. ते फेकून न देता मागावर चढवून वीतभर विणून पाहावे, म्हणजे ताण्यातली चूक कापडात कशी येते ते शिकणारीला तिच्याच हातून कळते. एरवी आई 'घट्ट धर' म्हणते आणि मुलगी किती घट्ट ते विचारत राहते. तिसऱ्या महिन्यात इल्नी बांधणे आणि विणणे. ४०० धाग्यांच्या ताण्याला इल्नीचे २०० फासे लागतात. एक चुकला तर ती रेघ वरपर्यंत चढत जाते, आणि अर्ध्यावर लक्षात आले तर तेवढाच फास नव्याने बांधता येतो, झालेली वीण मात्र उसवावीच लागते.

विणताना नवशिक्यांचे हमखास चुकते ते बाणा सरळ ओढण्यात. धागा सरळ ताणून ठोकला की कापड आत येते आणि वीतभर उंची होईतो दोन्ही बाजूंनी बोट-बोट रुंदी गेलेली असते. म्हणून बाणा कमानी-कमानीने सोडायचा, प्रत्येक कमान साधारण पंजाएवढी, आणि मग ठोकायचा. दोन्ही काठांना दोरी ओवून ती खांबांना ताणून बांधायची आणि वीण चढेल तशी सोडून वर बांधायची. रंगमंचावर घाईत ही दोरी विसरतात. दुसरे, मध्य अॅटलासमधल्या कित्येक नक्षीदार सपाट विणींमध्ये विणकर कापडाच्या उलट्या बाजूला बसते. तिच्यासमोर लोंबते दोरे असतात, सुलट बाजू पलीकडे तयार होते. प्रेक्षक कोणत्या बाजूला बसवायचे? सुलट बाजूला बसवले तर त्यांना नक्षी उमलताना दिसते पण बाई मागाआड जाते. उलट्या बाजूला बसवले तर हात दिसतात आणि नक्षी नाही. कड्याने बसवा, अर्धे इकडे अर्धे तिकडे, आणि मध्यावर जागा बदलू द्या. शिकणाऱ्या मुली मात्र कायम उलट्या बाजूला, बाईच्या खांद्याशी. तसेच तांबडा किंवा निळा रंगीत प्रकाश चालू विणीवर टाकू नये. मंजिष्ठाचा तांबडा आणि अक्रोडाचा तपकिरी त्यात वेगळे ओळखू येत नाहीत आणि नक्षीचे मोजणे चुकते.

कापड उतरवण्याबद्दल मतभेद होतील. दक्षिण आणि आग्नेय मोरोक्कोतल्या काही समाजांत अशी समजूत आहे, की ताणा मांडताना विणीत जीव येतो आणि माग सोडताना तो जातो. म्हणून कापण्याआधी पाणी शिंपडतात, मृताला न्हाऊ घालावे तसे. दिग्दर्शकाला यात आयता शेवट दिसतो, आणि रोज रात्री नवा अर्धवट ताणा कापण्याचा मोह होतो. तो टाळावा. दोन मीटरच्या कापडाला दोन-तीन किलो धुतलेली लोकर आणि कित्येक आठवड्यांचे कातणे लागते. विणून पूर्ण झालेले कापडच कापावे, म्हणजे हा विधी एका प्रयोगमालेत एकदाच येईल. इतर रात्री माग विणता-विणता थांबेल. प्रेक्षकांना ते अपुरे वाटले तर वाटू द्यावे.

यावर तीन आक्षेप येतात, त्यातला एक खरोखर जड आहे. गालिच्याची युरोपातल्या दुकानातली किंमत आणि विणणाऱ्या बाईच्या हाती पडणारी रक्कम यांत दलालांच्या पायऱ्या आहेत. मग ज्या धंद्यात पोट भरत नाही तो मुलींनी का शिकावा? वारशासाठी कोणी गरीब राहावे असे म्हणणारा मनुष्य बहुधा स्वतः नोकरीत असतो. याला उत्तर प्रयोगात नाही, पैशाच्या वाटपात आहे: शिकवणाऱ्या बाईला नर्तकाइतके मानधन, शिकणारीला विद्यावेतन, आणि कापडाची विक्री थेट त्यांच्या सहकारी संस्थेमार्फत. हे झाल्यावरही मुलीने विणकाम न करता परिचारिका व्हायचे ठरवले तर तो तिचा हक्क आहे. तीन महिन्यांत तिला ताणा मांडता आला, पुढे कधी गरज पडली तर ती मांडू शकेल, इतके हाती आले तरी पुष्कळ.

दुसरा आक्षेप: परंपरा बदलली तर ती आमची कशी राहणार? त्यावर फार थांबायला नको. कृत्रिम रंग एकोणिसाव्या शतकातच आले, चिंध्यांचे बुशेरवीत गालिचे जुन्या कपड्यांतून निघाले, आणि अमाझिग बायकांनी हे सगळे पचवून त्यातून चांगली कामे केली.

तिसरा आक्षेप असा, की सगळे नीट चित्रित करून ठेवले तर प्रयोगाचा खटाटोप कशाला? मराठी वाचकाला याचे उत्तर घरातच सापडेल. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या प्रकल्पाने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि आज त्या ऐकायला मिळतात, हे मोठेच काम. जाते थांबले तरी ओवी उरली, कारण शब्द कामापासून सुटून जगू शकतात. धाग्याचा ताण असा सुटून जगत नाही. युनेस्कोने २०१७ मध्ये पश्चिम उच्च अॅटलासमधले तस्कीविन हे युद्धनृत्य तातडीने जपण्याच्या यादीत घेतले. या नृत्याची वाद्ये आणि साज बनवणारे कमी होत गेले, हेही त्याच्या घसरणीचे एक कारण. नाच नीट चित्रित झाला तरी डफ कोण बनवणार हा प्रश्न उरतोच.

८ सप्टेंबर २०२३च्या भूकंपाने उच्च अॅटलासमधली दगडमातीची गावेच्या गावे पाडली. तंबूत राहणाऱ्या घरात दोन मीटर उंच माग आणि इल्नी ताणायला भिंत कुठून येणार? मदतीसाठी प्रयोग करणाऱ्यांनी नेपथ्यावरचा खर्च आखताना हे लक्षात घ्यावे. प्रयोगासाठी बनवलेली चौकट सुटी करून गावात नेता येईल अशी असावी, तिची मागची आधार-चौकटही बरोबर जावी, आणि शेवटच्या प्रयोगानंतर ती शिकलेल्या मुलींच्या गटाला लेखी द्यावी. कापड संग्रहालयाने विकत घेतले तर पाटीवर दिग्दर्शकाच्या बरोबरीने विणणाऱ्यांची, आणि ताणा मांडणाऱ्या तिघींचीही नावे असावीत, अर्थात ज्यांनी नाव द्यायला होकार दिला त्यांचीच. आणि अनुदान देणाऱ्यांनी वर्षभराने एकच चौकशी करावी: त्या सहा जणींपैकी किती जणींनी, जाणत्या बायका शेजारी नसताना, स्वतःचा ताणा मांडला?